आधी भिंगांची पेटी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चष्म्याचं दुकान पणजोबांनी सुरू केलं, तुम्ही चौथ्या पिढीतल्या. घरात सगळे म्हणतात शंभर वर्षं पूर्ण होतायत, आणि त्या निमित्ताने दुकानाचा इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. पण आजोबांचं वय आणि दुकानाचं वय यांची आकडेमोड काही केल्या जुळत नाही. हाताशी काही जुन्या वह्या, भिंगांची एक लाकडी पेटी, थोडी हत्यारं आणि खोकंभर फ्रेमा. सुरुवात कुठून करायची?

मी तिसऱ्या पिढीतला. हाच उद्योग आमच्या दुकानासाठी करून बसलोय. रविवार-रविवार करत चार वर्षं लागली, त्यातलं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं. कारण मी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबा कसे शिस्तीचे होते, गिऱ्हाईक कसं त्यांच्या शब्दाखातर थांबायचं, असं चाळीस पानं लिहून झाल्यावर लक्षात आलं की यातला एकही परिच्छेद कापडाच्या किंवा घड्याळाच्या दुकानाला लावला तरी चालेल. चष्म्याचं असं त्यात काहीच नव्हतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की माणसांकडे नंतर या. आधी पेटी, वह्या, हत्यारं.

पण त्याआधी तुमच्या आकडेमोडीबद्दल. "शंभर वर्षं झाली" म्हणताना नेमकी कशाला झाली, हे घरात कोणी कोणाला विचारलेलं नसतं. या नावाच्या पाटीला झाली, या जागेला झाली, की आपल्या घरातला पहिला माणूस या धंद्यात शिरला त्याला झाली? या तीन तारखा सहसा वेगवेगळ्या असतात. आमच्या पाटीवर जे साल आहे, त्या साली आजोबा दुसऱ्याच एका चष्मेवाल्याकडे काचा पुसायला आणि झाडलोट करायला लागले होते. स्वतःचं दुकान त्यानंतर सात वर्षांनी. यात कोणी खोटं बोललं नव्हतं. आजोबांच्या मनात धंद्याची सुरुवात म्हणजे ती झाडलोटच असणार, आणि पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच साल सांगितलं. तुमच्याकडेही आजोबांच्या वयाशी न जुळणारं साल असंच कुठून तरी आलं असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही तारखा लिहा आणि कोणती कशाची ते सांगा. घरातले लोक आधी कुरकुरतात, मग त्यांनाच ती झाडलोटीची गोष्ट जास्त आवडायला लागते.

आता बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते मान्य करतो. तुमच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढत होते, की फक्त डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चष्मा बनवत होते? काच दुकानातच घासत होते, की बाहेरून करून आणत होते? नंबर कोणी काढायचा याचे कायदे देशादेशांत वेगळे आहेत आणि काळानुसार बदललेत, त्यामुळे माझ्या दुकानातला अंदाज तुमच्याकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. मध्ये भावाभावांत वाटणी झाली असेल तर निम्म्या वह्या चुलत घराकडे असतील, आणि त्या मागायला जाण्यातच तुमचे सहा महिने जातील. आणि एक अपवाद मी वर सांगितलेल्या क्रमालाच करतो: दुकानात काम केलेलं कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस हयात असेल, तर पेटीबिटी सगळं बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन बसा. वस्तू थांबतात.

पेटीकडे येऊ. तुम्ही जिला भिंगांची पेटी म्हणताय तो बहुधा ट्रायल सेट, म्हणजे डोळे तपासताना एकेक भिंग लावून बघायचा संच असणार: मखमलीच्या खाचांत जोडीजोडीने लावलेली गोल भिंगं, प्रत्येकाला धातूची कडी, कडीच्या मुठीवर आकडा. तो आकडा नीट वाचा. आज आपण नंबर डायॉप्टरमध्ये मोजतो. हे एकक मोनोयर या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ मध्ये सुचवलं. त्याआधी भिंगाचा नंबर म्हणजे त्याचं नाभीय अंतर, इंचांत. २० नंबरचं भिंग म्हणजे वीस इंचांवर प्रकाश एकत्र आणणारं. साधारण ४० ला त्या आकड्याने भागलं की आजचा नंबर मिळतो: २० इंची म्हणजे २ डायॉप्टर, ८ इंची म्हणजे ५. "साधारण" म्हणतोय कारण इंचही सगळीकडे सारखा नव्हता. इंग्रजी इंच २५.४ मिलिमीटरचा, जुना पॅरिसचा इंच २७ मिलिमीटरच्या थोडा वर. त्यामुळे फ्रेंच पेटी असेल तर ४० ऐवजी ३७ ने हिशेब करावा लागतो.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. इंचांत मोजताना आकडा जितका मोठा तितकं भिंग कमजोर. आमच्या एका जुन्या वहीत एका बाईंच्या नावापुढे काही वर्षांच्या अंतराने ३०, मग २०, मग १६ असे आकडे होते. मी मोठ्या उत्साहाने टिपण केलं की आजोबांच्या हाताखाली बाईंचा नंबर चक्क उतरत गेला. वडिलांनी वाचलं आणि हसत हसत चष्मा पुसायला घेतला. बाईंना चाळिशी लागली होती, आणि ती सगळ्यांची चढते तशीच चढत गेली होती: सव्वाच्या आसपास, मग दोन, मग अडीच.

इंची पेटी सापडली म्हणून दुकान १८७२ च्या आधीचं ठरत नाही, हेही लगेच सांगतो, कारण घरात तो निष्कर्ष निघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. नवं एकक आलं तरी जुन्या मोजणीच्या पेट्या पुढे अनेक वर्षं वापरात होत्या, आणि नवीन धंदा उभा करणारा माणूस पेटी बहुधा जुनीच विकत घेतो. पणजोबांनी ती कोणाकडून तरी सेकंडहँड घेतली असेल. वस्तू फक्त एवढंच सांगते: मी अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही. ती दुकानात कधी आली हे तिला विचारून उपयोग नाही, ते वहीला विचारायचं.

खरा खजिना वह्या आहेत. आणि त्यांतली नावं नव्हे, रकाने बघा.

आधी वहीचं पहिलं पान. अनुक्रमांक एकपासून सुरू होतो का? आमच्या सगळ्यात जुन्या वहीची पहिली नोंद चार आकडी होती, म्हणजे तिच्याआधी निदान एक वही होऊन गेली. नंतर दिवसाला सरासरी किती नोंदी होतात ते मोजून मी मागे मागे गेलो, आणि दुकान कधी उघडलं असेल त्याचा दीडेक वर्षाच्या फरकाने अंदाज आला. तो पुढे एका भाडेपावतीशी जुळला. ही युक्ती चालेलच असं नाही. काही दुकानदार दर वर्षी नवा क्रमांक सुरू करत, आणि काही तर मुद्दाम मोठ्या आकड्यापासून सुरुवात करत, म्हणजे पहिल्याच गिऱ्हाइकाला वाटावं की दुकान जुनं आहे!

मग रकाने. कधी तरी सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसली की लागणाऱ्या नंबराचा रकाना येतो, त्याच्याबरोबर ॲक्सिसचा, म्हणजे तो नंबर कोणत्या कोनात बसवायचा त्याचा. ॲक्सिसचे अंश आज सगळे एकाच पद्धतीने मोजतात, ० ते १८०, दोन्ही डोळ्यांना एकाच दिशेने. ही पद्धत जर्मनीतल्या एका तांत्रिक समितीने १९१७ मध्ये ठरवली आणि हळूहळू सगळीकडे रुळली. तिच्याआधी कोणी नाकाकडून मोजायचं, कोणी कानशिलाकडून. तुमच्या वहीत उजव्या-डाव्या डोळ्यांचे अंश पुन्हा पुन्हा अगदी सारखे दिसले, तर ते आरशासारखे मोजलेत की काय अशी शंका घ्या. मग दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराचा म्हणजे पीडीचा रकाना येतो. तो ज्या पानावर पहिल्यांदा दिसतो त्या पानावर कोणी तरी नवीन काही शिकून आलंय किंवा नवीन माणूस कामाला लागलाय. हस्ताक्षरही तिथेच बदललंय का पाहा. आमच्याकडे बदललं होतं.

आता मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट. वह्यांमध्ये +१०, +११, +१२ असे दणदणीत नंबर शोधा आणि दर वर्षी ते किती येतात ते एका कागदावर मांडत जा. हे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले लोक. पूर्वी ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी काहीच बसवत नसत. त्या भिंगाचं काम मग आयुष्यभर नाकावरच्या जाड काचेने करायचं. डोळ्याच्या आत बसवायचं कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्ये पहिल्यांदा वापरलं, पण त्याला विरोध बराच झाला आणि सर्रास वापर व्हायला १९८० चं दशक उजाडलं. आमच्या वह्यांत आधी पानाआड एक-दोन असे नंबर होते. मग काही वर्षांत ते विरळ होत गेले, आणि एका वहीत शेवटचा एकच राहिला. वैद्यकाच्या इतिहासातली एवढी मोठी घडामोड आमच्या हिशेबाच्या वहीत कुठल्याही टिपणीशिवाय पडून होती.

याचा तुमच्या कुटुंबाशी काय संबंध, तर फार जवळचा. जाड काचेचा चष्मा बसवणं हे चष्मेवाल्याच्या कसबाचं खरं काम होतं. +१२ ची काच डोळ्यापासून फक्त ५ मिलिमीटर पुढे सरकली तर परिणाम जवळजवळ पाऊण डायॉप्टरने बदलतो. म्हणजे नाकपट्टी थोडी ढिली पडली किंवा काड्या कानामागे नीट वळलेल्या नसल्या, तर डॉक्टरांनी काढलेला अचूक नंबरही चुकीचा ठरणार. शिवाय अशा काचेतून सगळं पाव पटीने मोठं दिसतं, जिन्याची पायरी आहे तिथे दिसत नाही, आणि नजरेच्या कडेला एक पट्टा असा असतो की तिथून माणूस अचानक उगवतो. ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं पहिल्या आठवड्यात रडकुंडीला यायची. आजोबा त्यांना दुकानातच चालायला लावत, चष्मा काढून काड्या गरम करून पुन्हा वळवत, पुन्हा चालायला लावत. "त्यांच्याकडचाच चष्मा घ्या" हे नाव अशा कामातून झालं. ते लोक वह्यांतून कमी झाले तेव्हा आमच्या दुकानाचं वैशिष्ट्यही त्यांच्याबरोबर गेलं, आणि वडिलांची पहिली दहा वर्षं हे कळण्यातच गेली. घरात मात्र ती वर्षं "बाबांना धंदा जमला नाही" म्हणून सांगितली जात होती. वही मोजल्यावर मी त्यांची माफी मागितली.

म्हणून इतिहास पिढ्यांनी विभागू नका. कामाने विभागा. बहुतेक जुन्या चष्म्याच्या दुकानांत असे दोन-तीन सांधे सापडतात: काच घासून घडवणारं दुकान, मग तयार काच मापाने कापून बसवणारं, मग गिऱ्हाइकाला शंभर प्रकारांतून निवडायला मदत करणारं. आपल्याकडे हे सांधे नेमके कधी पडले ते शोधलंत की पिढ्या आपोआप आपल्या जागी बसतील.

हे सांधे शोधायला काचा आणि फ्रेमा मदत करतात. सीआर-३९ हे प्लास्टिक अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरलं गेलं आणि १९४७ पासून त्याच्या चष्म्याच्या काचा निघाल्या. काचेपेक्षा वजन जेमतेम निम्मं. आपल्या भाषेची गंमत अशी की प्लास्टिक आलं तरी आपण तिला काचच म्हणत राहिलो, त्यामुळे वहीत नुसतं "काच" लिहिलेलं असेल तर काही कळत नाही. पण कोणी "फायबर" किंवा "प्लॅ." असं वेगळं लिहायला लागलं की समजा सांधा आला. पुढे एक दिवस बहुतेक नोंदी त्याच असतात आणि उलट "काचेची" असं मुद्दाम लिहावं लागतं. तो दुसरा दिवस माझ्या मते जास्त महत्त्वाचा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचेचं तंत्र कॉर्निंग कंपनीत १९६४ मध्ये तयार झालं, त्याच्या नोंदी आमच्याकडे नुसत्या "फोटो" अशा आहेत. नातेवाइकांनी ते वाचून आजोबा फोटोही काढत असत अशी कथा रचली होती.

बायफोकलच्या, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या सुट्या काचा खोक्यात असतील तर नखाने तपासा. खालच्या जवळच्या भागाच्या कडेवरून नख फिरवा. कड लागली नाही आणि काच खरोखर काचेची असेल, तर तो भाग वितळवून आत बसवलेला आहे. क्रिप्टॉक म्हणतात ती याच जातीची, आणि तिचं तंत्र १९०८ चं. कड लागली तर काच एकसंध घडवलेली किंवा प्लास्टिकची. प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे लांबपासून जवळपर्यंत नंबर रेषेशिवाय हळूहळू बदलत जाणारी, बाजारात आली १९५९ मध्ये. बर्नार्ड मेतनाझ या फ्रेंच अभियंत्याने ती घडवली, आणि तिने चष्मेवाल्याचं काम पुन्हा एकदा बदललं. बायफोकल दोन मिलिमीटर खाली-वर बसली तर गिऱ्हाईक मान वाकवून चालवून घेतं. प्रोग्रेसिव्ह तशी बसली तर ते दुसऱ्या दिवशी काउंटरवर असतं. तुमच्याकडे परत आलेल्या चष्म्यांची नोंद कोणी ठेवली असेल तर ती वही सोन्याची आहे. आमच्याकडे नव्हती. अपयशाची वही कोणी ठेवत नाही, म्हणून मला ती बाजू वडिलांच्या आठवणींवरून लिहावी लागली.

फ्रेमांचं खोकं उघडताना मात्र सांभाळून. जुन्या फ्रेमांत सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक असू शकतं, आणि ते भयंकर पेटतं. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या: कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, फ्रेम हीटरवर तर धरूच नका. ती वेगळी, हवेशीर आणि उष्णतेपासून लांब ठेवा, कारण जुनं सेल्युलॉइड सडताना जी वाफ सोडतं तिने शेजारच्या धातूच्या फ्रेमांनाही गंज चढतो. जुन्या फ्रेमेला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकची, नंतरच्या काळातली. धातूच्या फ्रेमेवर बारीक अक्षरांत "१/१० १२के" अशा अर्थाचा शिक्का दिसला तर ती सोन्याचा पत्रा चढवलेली: वजनाचा दहावा भाग बारा कॅरटचं सोनं. आणि मापाच्या दोन आकड्यांच्या मध्ये छोटा चौकोन छापलेला असेल, तर काचेला चौकटीत धरून माप घ्यायची पद्धत रुळल्यानंतरची ती फ्रेम आहे. म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या दशकातली किंवा पुढची.

फ्रेमांपेक्षाही त्यांची घरं टाकू नका. चष्म्याच्या घराच्या झाकणात आतल्या बाजूला दुकानाचं नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबर छापलेला असतो. टेलिफोनचे आकडे मोजा. तीन, चार, पाच, सहा असे ते वाढत जातात, आणि तुमच्या भागात ते कधी वाढले हे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवरून काढता येतं. आमच्या दुकानाने जागा बदलल्याचं साल मला अशाच एका फाटक्या घराने सांगितलं. सगळ्या नातेवाइकांच्या कपाटांत अशी दोन-चार निघतात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पेटी सांगते काय वापरत होते, वही सांगते कधी आणि किती, खोकं सांगते काय विकत होते. कोण करत होतं, हे यातलं कोणीच सांगत नाही. आता माणसांकडे जा.

माणसांना साल विचारू नका. साल विचारलं की ते परीक्षेला बसल्यासारखे होतात आणि ऐकीव आकडा सांगून मोकळे होतात. त्यांच्या हातात हत्यार द्या. आमचे एक काका कशालाच "आठवत नाही" म्हणायचे. मी त्यांच्यासमोर काच तोडायचा चिमटा आणि एक टाकाऊ काच ठेवली. त्यांनी न बोलता काचेच्या कडेने टक टक करत कपच्या काढायला सुरुवात केली, आणि पाच मिनिटांनी तोंड आपोआप उघडलं: सहाणेच्या चाकावर थेंब थेंब पाणी सोडायचं काम लहान मुलाचं असायचं, हिवाळ्यात बोटं बधिर व्हायची, आणि कडा उतरवताना आवाज बदलला की काच चिरणार हे कळायचं. लेन्समीटर येण्याआधी काचेचा नंबर हातानेच कसा ओळखायचे तेही त्यांनी करून दाखवलं. काच डोळ्यासमोर धरून खिडकीच्या उभ्या गजाकडे बघत हलवायची. गज काचेच्या उलट सरकला तर प्लस, काचेबरोबर सरकला तर मायनस. मग पेटीतली विरुद्ध काच जोडत जायची, गज स्थिर होईपर्यंत. हे मी पुस्तकात वाचलं होतं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने पाव डायॉप्टरच्या आत बरोबर ओळखलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

फॉर्मर कुठे गेले, हेही त्यांनी विचारलं. काचेला फ्रेमेचा आकार द्यायला मशीनवर लावायच्या त्या प्लास्टिकच्या चकत्या, खिळ्यांवर ओळीने टांगलेल्या शेकडो. फॉर्मर न लागणारं मशीन घेतल्यावर मीच त्या पोतं भरून टाकल्या होत्या. प्रत्येक चकतीवर फ्रेमेचं नाव आजोबांच्या अक्षरात होतं, म्हणजे कोणत्या काळात काय खपलं याची सगळी यादीच. तुमच्या माळ्यावर असतील तर हात लावू देऊ नका कोणाला.

माणसांच्या बाबतीत दुसरी गोष्ट: "कौटुंबिक धंदा" म्हटलं की आपण आडनाव शोधतो आणि बाकीचे गळतात. आमच्या वह्यांतलं सगळ्यात सुवाच्य अक्षर कोणाचं हे कित्येक महिने कळत नव्हतं. ते आजीचं निघालं. ती दुकानात कधी आली नाही असंच सगळ्यांनी सांगितलं होतं. वही रोज रात्री घरी यायची, आणि चिठ्ठ्यांवरून ती उतरवून काढायची. पंचवीस वर्षं काचा बसवणारे कारागीर कोण होते, हेही असंच अक्षरांवरून आणि पगाराच्या नोंदींवरून सापडलं. कुटुंबाबाहेरच्या त्या माणसाला मी स्वतंत्र प्रकरण दिलं. त्यावरून एका चुलत भावाने वर्षभर अबोला धरला, पण प्रकरण तसंच ठेवलं.

हे फक्त छोट्या दुकानांचं नाही. लंडनच्या डॉलंड घराण्याकडे बघा. मुलगा पीटर याने १७५० मध्ये दुकान काढलं, आणि वडील जॉन, जे मुळात रेशीम विणणारे, ते १७५२ मध्ये मुलाच्या धंद्यात आले. आपण वडिलांकडून मुलाकडे असं गृहीत धरतो, इथे उलटं. १७५८ मध्ये जॉनने दोन प्रकारच्या काचा जोडून रंगांची झालर घालवणाऱ्या भिंगाचं पेटंट घेतलं. पण तसं भिंग चेस्टर मूर हॉल याने त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीच करवून घेतलं होतं, फक्त जाहीर केलं नव्हतं. जॉनच्या मृत्यूनंतर इतर चष्मेवाले त्या पेटंटविरुद्ध उभे राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पीटर जिंकला. पुढे धंदा गेला तो भाच्याकडे, जॉर्ज हगिन्सकडे, आणि त्याने आडनाव बदलून डॉलंड लावलं. १९२७ मध्ये एचिसन हे नाव त्याला जोडलं गेलं, २००९ मध्ये ती दुकानं दुसऱ्या एका साखळीत विलीन झाली. पाटीवर अडीचशे वर्षं एकच नाव, आणि आत इतक्या उलथापालथी. जावई, भाचा, भागीदार, विकत घेतलेलं नाव यांपैकी काहीही तुमच्या इतिहासात निघालं तर दचकू नका आणि लपवू नका.

एक काम छापण्याआधी नक्की करा. जुन्या वह्यांत लोकांची नावं आणि त्यांच्या डोळ्यांची माहिती शेजारी शेजारी आहे. कोणाचा एक डोळा अधू होता, कोणी लग्नाआधी गुपचूप नंबर काढून गेलं. त्यांची नातवंडं आज तुमची गिऱ्हाइकं असतील. वहीच्या पानाचा फोटो छापायचा तर नावाचा रकाना झाकून. आकडे तेवढेच बोलतात.

पुस्तक करायचं की दुकानात लावायला एक फलक, हे नंतर ठरवा. चार वर्षांनी माझ्या हाती जे आलं ते छत्तीस पानांचं झालं, त्यात आजोबांच्या शिस्तीवर एक परिच्छेद राहिला आणि मोठ्या नंबरांच्या चष्म्यांवर नऊ पानं.

आता पेटी उघडा आणि प्लस भिंगांच्या रांगेतले पहिले चार-पाच आकडे इथे लिहा, कडीवर जसे कोरलेत तसेच. ०.२५, ०.५० असे असतील तर एक वाट. ४८, ३६, २४ असे उतरत गेले असतील तर दुसरी, आणि मग पेटीच्या झाकणात आत कोणत्या गावच्या बनवणाऱ्याचं नाव आहे तेही बघून सांगा. इंच कुठला धरायचा ते त्यावरून ठरेल.